सर्दी ओसरल्यानंतरचे तीन महिने

फुप्फुस प्रत्यारोपण झालेल्या माणसाला सर्दी झाली, की घरात पहिला प्रश्न तापाचा निघतो. ताप नाही ना, मग काळजी नाही. दुसरा प्रश्न दिवसांचा. चार दिवसांत बरं वाटलं, म्हणजे विषय संपला. प्रत्यारोपण समन्वयकाच्या कामात हे दोन निकष फोनवर सतत ऐकू येतात. रुग्ण सांगतात, त्यांच्या बायका, मुलं सांगतात आणि गावाकडचे डॉक्टरही सांगतात. एरवीच्या माणसासाठी ते बरोबरच आहेत. त्यामुळे त्यांच्या विरोधात बोलायचं तर नीट कारणं देऊन बोललं पाहिजे. माझं म्हणणं असं, की रोपलेल्या फुप्फुसाला विषाणूने किती नुकसान केलं हे तापावरून कळत नाही आणि खोकल्याच्या दिवसांवरूनही कळत नाही. ते कळतं सर्दी जाऊन सहा आठवडे, तीन महिने झाल्यावर, स्पायरोमीटरमध्ये जोरात फुंकल्यावर. आजारपण आणि नुकसान या इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांच्यात काही महिन्यांचं अंतर असू शकतं. हे अंतर ध्यानात न आल्यामुळे जो वेळ हातचा जातो, तो परत मिळत नाही. शस्त्रक्रियेच्या टेबलावरचे धोके सगळ्यांना दिसतात. त्यांची चर्चा होते, त्यावर सह्या घेतल्या जातात. घरी परतल्यानंतरच्या साध्या पडशाची चर्चा फार कमी होते. माझ्या कामाचा मोठा भाग त्या पडशाशी निगडित आहे, म्हणून हे लिहिते आहे.

आधी या अवयवाची परिस्थिती समजून घ्यावी लागेल. माणसात पहिलं फुप्फुस प्रत्यारोपण 1963 साली अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात जेम्स हार्डी यांनी केलं. तो रुग्ण 18 दिवस जगला. त्यानंतरच्या वीस वर्षांत जगभर जे प्रयत्न झाले, त्यांतून दीर्घकाळ टिकणारं यश हाती आलं नाही. सायक्लोस्पोरिन हे औषध आल्यानंतर 1983 साली टोरांटोमध्ये जोएल कूपर यांच्या चमूने केलेली शस्त्रक्रिया टिकली आणि तिथून आजचा काळ सुरू झाला. तंत्र खूप सुधारलं आहे. पहिलं वर्ष पार करणाऱ्यांचं प्रमाण आता बरंच चांगलं आहे. तरीही आंतरराष्ट्रीय नोंदवहीतला एक आकडा अस्वस्थ करतो. 2010 ते 2017 या काळात ज्या प्रौढांना नवं फुप्फुस मिळालं, त्यांच्यातले निम्मे साधारण 6.7 वर्षांनंतर हयात होते. हृदयाच्या बाबतीत हाच आकडा बारा वर्षांच्या पुढे जातो. शल्यचिकित्सा कमी पडते म्हणून हा फरक आहे असं नाही. शस्त्रक्रियेतून वाचलेल्यांना पुढच्या वर्षांत जे ग्रासतं, त्यात या फरकाचं कारण आहे. मूत्रपिंड, यकृत, हृदय हे शरीराच्या आत बंदिस्त असतात. फुप्फुस मात्र बाहेरच्या हवेशी थेट जोडलेलं. मोठा माणूस दिवसभरात दहा हजार लिटरच्या घरात हवा आत घेतो, आणि लोकलच्या डब्यातली, लग्नाच्या हॉलमधली, शाळेतून आलेल्या नातवाच्या शिंकेतली हवा त्यातच येते.

या उघड्या अवयवाचं संरक्षण शस्त्रक्रियेतच बरंचसं कमी होतं, आणि त्याला इलाज नाही. दात्याचं फुप्फुस काढताना त्याच्या नसा कापल्या जातात. त्या पुन्हा जोडता येत नाहीत. त्यामुळे जिथे श्वासनलिका शिवलेली असते, तिच्या खालच्या भागात काही साचलं तर खोकल्याची उबळ पूर्वीसारखी येत नाही. लसीकावाहिन्या तुटलेल्या असतात. श्वासनलिकांना रक्त पुरवणाऱ्या बारीक रोहिण्या बहुतेक ठिकाणी जोडल्या जात नाहीत. कफ वर ढकलणाऱ्या सूक्ष्म केसांचं कामही मंदावतं. त्यात औषधं. टॅक्रोलिमस, मायकोफिनोलेट आणि प्रेडनिसोलोन ही तीन औषधं बहुतेकांना आयुष्यभर घ्यावी लागतात, आणि फुप्फुसाच्या रुग्णाला त्यांचे डोस मूत्रपिंडाच्या रुग्णापेक्षा सहसा जास्त लागतात. ही औषधं प्रतिकारशक्ती दाबतात, तशीच आजाराची लक्षणंही दाबतात. ताप येणं ही शरीराची प्रतिक्रिया आहे, आणि ती प्रतिक्रियाच बोथट करून ठेवलेली असते. म्हणजे 'ताप नाही' या वाक्याला या रुग्णांत आश्वासक असं काही मूल्य उरत नाही. खोकला कमी, ताप नाही, थोडा थकवा आणि नाक गळतंय, एवढ्याच लक्षणांखाली विषाणू फुप्फुसाच्या खालच्या भागापर्यंत पोचलेला असू शकतो. शिवाय तो लवकर जातही नाही. इतरांच्या शरीरातून आठवड्याभरात हटणारा विषाणू या रुग्णांच्या स्वॅबमध्ये कित्येक आठवडे, प्रसंगी महिने सापडत राहतो.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. पहिल्या वर्षानंतर या रुग्णांचा जीव घेणारं सर्वांत मोठं कारण म्हणजे रोपलेल्या फुप्फुसाचा दीर्घकालीन बिघाड, ज्याला आमच्या कामात सगळे 'क्लॅड' म्हणतात. पाच वर्षांत जवळजवळ निम्म्या रुग्णांमध्ये तो दिसतो. त्याचा नेहमीचा प्रकार असा, की बारीक श्वासनलिकांच्या भिंतींना आतून व्रण पडतो, तो भरताना चिवट धागे तयार होतात आणि नळी हळूहळू बंद होत जाते. 1984 साली स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी हृदय आणि फुप्फुस एकत्र रोपलेल्या रुग्णांत त्याचं पहिलं वर्णन केलं. एका सेकंदात माणूस किती हवा बाहेर फेकू शकतो, त्या आकड्याला एफईव्ही-वन म्हणतात. शस्त्रक्रियेनंतर त्या रुग्णाने गाठलेल्या सर्वोत्तम पातळीपेक्षा हा आकडा वीस टक्के किंवा त्याहून अधिक घसरला, घसरलेलाच राहिला आणि दुसरं कारण सापडलं नाही, तर क्लॅडचं निदान होतं. एकदा झालेली घट सहसा भरून येत नाही. औषधांनी फार तर ती थोपवता येते. ती थोपली नाही तर दुसऱ्यांदा प्रत्यारोपण एवढाच मार्ग उरतो. त्याचे परिणाम पहिल्याइतके चांगले नसतात, आणि फुप्फुसं तर मुळातच दुर्मीळ. मेंदूमृत दात्यांमध्येही बहुतेकांची फुप्फुसं वापरण्याजोगी राहिलेली नसतात, कारण अपघात, व्हेंटिलेटर, श्वासनलिकेत गेलेलं अन्न आणि मेंदूमृत्यू या सगळ्यांचा पहिला फटका त्यांनाच बसतो. या क्लॅडचा आणि श्वसनमार्गाच्या विषाणूंचा संबंध गेल्या दोन-तीन दशकांत एकामागून एका केंद्राच्या नोंदींत दिसत आला आहे. आरएसव्ही, पॅराइन्फ्लूएंझा आणि 2001 साली नेदरलँड्समध्ये ओळखला गेलेला मेटान्यूमोव्हायरस यांची नावं त्यात विशेष येतात. इन्फ्लूएंझा आणि कोविड आपल्या परिचयाचे आहेत. अॅडिनोव्हायरस क्वचित सापडतो, पण सापडला तर फार घातक ठरू शकतो. सर्वांत जास्त वेळा आढळतो तो साध्या सर्दीचा ऱ्हायनोव्हायरस.

यावर पहिला आक्षेप संशोधनाच्या बाजूने येतो आणि तो वजनदार आहे. संबंध दिसतो म्हणजे कारण सिद्ध झालं असं नाही. ज्याचं फुप्फुस आधीच बिघडू लागलं आहे, त्यालाच संसर्ग लवकर होत असेल, तर विषाणू हा आरोपी नसून साक्षीदार ठरतो. सगळे अभ्यास एका सुरात बोलतही नाहीत. काहींमध्ये विषाणू आणि त्यानंतरचा बिघाड यांचा संबंध ठळक आहे, काहींमध्ये तो पुसट आहे किंवा दिसतच नाही. मी हा आक्षेप बाजूला सारत नाही. पण अभ्यास का जुळत नाहीत तेही पाहायला हवं. जुन्या अभ्यासांत विषाणू शोधण्याच्या पद्धती कमी संवेदनशील होत्या, त्यामुळे बरेच संसर्ग नोंदलेच गेले नाहीत. पीसीआर आल्यावर लक्षणं नसलेल्या माणसाच्या नाकातला ऱ्हायनोव्हायरसही मोजला जाऊ लागला. नाकापुरता राहिलेला संसर्ग आणि फुप्फुसात उतरलेला संसर्ग काहींनी एकाच रकान्यात घातले. बिघाडाची व्याख्याही मध्ये बदलली. इतक्या वेगवेगळ्या पट्ट्यांनी मोजल्यावर मापं जुळणं अवघडच होतं. त्यातून जे टिकून राहतं ते असं, की धोका सगळीकडे सारखा नाही. संसर्ग खाली उतरला, लक्षणं दिसली, विषाणू आरएसव्हीच्या कुळातला असला, की तो वाढतो.

कारणाच्या बाजूने दुसराही पुरावा आहे. प्रयोगशाळेत उंदरांमध्ये श्वासनलिका रोपून त्यांना सेंडाई नावाच्या विषाणूची लागण केली, तेव्हा नळी बंद होण्याची प्रक्रिया लागण न झालेल्या उंदरांपेक्षा जास्त झाली. हा विषाणू माणसाच्या पॅराइन्फ्लूएंझाचा जवळचा नातलग. तिथे बिघाड आधी आणि संसर्ग नंतर असा उलटा क्रम लावायला जागा राहत नाही, कारण क्रम प्रयोग करणाऱ्याने ठरवलेला असतो. असं का होतं, याचंही बऱ्यापैकी समाधानकारक उत्तर आहे. विषाणू श्वासनलिकेच्या आतल्या अस्तरात शिरला, की त्या पेशी धोक्याची रसायनं सोडतात आणि आपल्या पृष्ठभागावरची ओळखचिन्हं अधिक ठळकपणे दाखवू लागतात. स्वतःच्या फुप्फुसात ही चिन्हं स्वतःची असतात. रोपलेल्या फुप्फुसात ती दात्याची असतात. औषधांनी महत्प्रयासाने शांत ठेवलेल्या प्रतिकारपेशी विषाणूमागे धावत येतात आणि परका अवयवच त्यांच्या नजरेला पडतो. विषाणू निघून जातो, पण त्या पेशींचा डेरा तिथे राहू शकतो. काही रुग्णांत पुढे दात्याच्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात. एवढी साखळी पाहिल्यावर सर्दीच्या दिवसांत रुग्ण कसा दिसतो हे फारसं महत्त्वाचं का नाही, ते कळतं. खरी घडामोड नंतर चालते आणि ती बाहेरून दिसत नाही. उरलेल्या शंकेबद्दल माझं मत असं : खबरदारी घेतली आणि ती अनावश्यक निघाली, तर एक स्वॅब आणि काही चाचण्या वाया जातात. खबरदारी घेतली नाही आणि ती हवी होती असं निघालं, तर गेलेली क्षमता परत येत नाही. दोन्ही बाजूंच्या चुकांची किंमत इतकी असमान असताना पूर्ण पुराव्याची वाट पाहत बसणं मला पटत नाही.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा, आणि तो डॉक्टरांकडूनही येतो. यातल्या बहुतेक विषाणूंवर औषधच नाही, मग महागडी पीसीआर पॅनेल करून साधायचं काय? औषधांचा तुटवडा खरा आहे. आरएसव्हीसाठी अनेक केंद्रं रायबाविरिन देतात, पण त्याला मोठ्या, नीट आखलेल्या चाचण्यांचा आधार नाही. ऱ्हायनोव्हायरस किंवा मेटान्यूमोव्हायरसवर खात्रीचं असं काही उपलब्ध नाही. तरीही तपासणी निरर्थक ठरत नाही, कारण तिच्या उत्तरावर बऱ्याच गोष्टी अवलंबून असतात. इन्फ्लूएंझा निघाला तर ओसेल्टामिविर जितक्या लवकर सुरू होईल तितकं बरं, आणि या रुग्णांत अहवालाची वाट न बघताही ते सुरू करतात. कोविड निघाला तर औषध आहे, पण निर्मॅट्रेल्विरसोबत दिलं जाणारं रिटोनाविर टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी धोकादायक उंचीवर नेतं. डोस थांबवणं, पातळी मोजत राहणं आणि पुन्हा सुरू करणं हे सगळं आधी ठरवूनच ते देता येतं, नाहीतर दुसरं औषध निवडावं लागतं. शिवाय श्वास कमी पडण्याचं कारण संसर्ग आहे की रिजेक्शन, हा निर्णय घ्यायचा असतो. रिजेक्शनला स्टिरॉइडचे मोठे डोस लागतात, आणि संसर्ग न ओळखता ते दिले तर वेगळंच संकट ओढवतं. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे अमुक तारखेला अमुक विषाणू सापडला ही नोंद झाली, की पुढच्या काही महिन्यांत कोणाच्या फुंकीकडे डोळ्यांत तेल घालून पाहायचं ते ठरतं. त्या नोंदीशिवाय तिसऱ्या महिन्यात आलेली दहा टक्क्यांची घट 'आज जोर लावला नसेल' या सदरात जाते.

हे महाराष्ट्रात आणखी अवघड होतं, ते अंतरामुळे. 1994 च्या कायद्याने मेंदूमृत दात्याकडून अवयव घेण्याची वाट मोकळी झाली. मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या विभागीय समित्या अवयवांचं वाटप सांभाळतात. पण फुप्फुस प्रत्यारोपण देशात मोजक्याच शहरांत होतं आणि त्यांत चेन्नई, हैदराबादचा वाटा मोठा आहे. कोल्हापूरचा, नांदेडचा, अकोल्याचा माणूस तिथे जातो, काही महिने खोली भाड्याने घेऊन राहतो आणि मग गावी परततो. पुढची वर्षं त्याची खरी राखण गावातले फॅमिली डॉक्टर, कोपऱ्यावरचं मेडिकल आणि घरचे लोक करतात. यांतल्या बहुतेकांनी फुप्फुस बदललेला दुसरा माणूस पाहिलेला नसतो. त्यांची चूक काढायचा माझा अजिबात हेतू नाही. आपण त्यांना पुरेसं सांगून ठेवत नाही, ही यंत्रणेची उणीव आहे. एक उदाहरण देते. घसा खवखवतोय म्हटल्यावर क्लॅरिथ्रोमायसिन दिलं जातं. ते टॅक्रोलिमसची पातळी वाढवतं, हात थरथरतात, मूत्रपिंडावर ताण येतो. त्याच घराण्यातलं अझिथ्रोमायसिन मात्र तसं फारसं करत नाही, उलट क्लॅड रोखण्यासाठी काही रुग्णांना ते महिनोन्‌महिने दिलं जातं. अंगदुखीवर आयबुप्रोफेन असलेली गोळी दिली जाते, ती टॅक्रोलिमसच्या जोडीने मूत्रपिंडाला घातक ठरते. घरी प्रेमापोटी गुळवेलीचा काढा सुरू होतो. रोगप्रतिकारशक्ती वाढवायची म्हणून घेतलेली कोणतीही गोष्ट या माणसाच्या उपचाराच्या बरोबर उलट दिशेला काम करते. शिवाय गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांमध्ये यकृताला इजा झाल्याचं मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी 2021 साली नोंदवलं आहे. काय द्यावं याआधी काय देऊ नये हे कळणं इथे जास्त तातडीचं आहे, आणि ते एका फोनवर कळू शकतं.

या अंतरावर सर्वांत चांगला उतारा म्हणजे घरचा स्पायरोमीटर. हातात मावणारं यंत्र, रोज सकाळी ठरलेल्या वेळी तीनदा फुंकायचं, सर्वांत चांगला आकडा वहीत लिहायचा. कंटाळवाणं काम आहे, मान्य. महिनोन्‌महिने आकडा तोच येतो, तेव्हा वही मागे पडते, आणि नेमकी तेव्हाच ती लागणार असते. नेहमीच्या आकड्यापेक्षा दहा टक्के घट सलग दोन दिवस दिसली, की केंद्राला कळवायचं, बरं वाटत असलं तरी कळवायचं, हा साधा नियम. वीस टक्क्यांना निदान होतं हे लक्षात घेतलं, तर दहा टक्क्यांवर केलेल्या फोनचं मोल समजतं. तोवर सीटी स्कॅन, दुर्बीण घालून तपासणी, औषधांत बदल यांना वाव असतो.

लशीबद्दल रुग्ण एक सरळ प्रश्न विचारतात. प्रतिकारशक्तीच दाबलेली आहे, तर लस घेऊन उपयोग काय? प्रश्न बिनबुडाचा नाही. 2021 साली अमेरिकेत अवयव प्रत्यारोपण झालेल्या 658 जणांच्या अभ्यासात कोविडच्या एमआरएनए लशीच्या पहिल्या डोसनंतर जेमतेम 15 टक्क्यांमध्ये प्रतिपिंडं दिसली. दोन डोसनंतर हा आकडा 54 टक्क्यांवर गेला. म्हणजे दोन्ही डोस घेऊनही जवळपास निम्मे कोरडेच राहिले. मायकोफिनोलेट घेणाऱ्यांत प्रतिसाद विशेष कमी होता. मी यातून दोन निष्कर्ष काढते. अर्ध्यांना मिळणारं संरक्षण सोडून देण्याचं कारण नाही, आणि वाढीव डोसनी ते आणखी काहींपर्यंत पोचतं. आणि ज्याची लस त्याच्या स्वतःच्या शरीरात अर्धवट काम करते, त्याच्या भोवतालच्या माणसांनी ती पूर्ण घेतली पाहिजे. घरातल्या निरोगी माणसाची लस ही या रुग्णाची खरी लस. इथे फ्लूच्या लशीचा काळही बघायला हवा. महाराष्ट्रात इन्फ्लूएंझाचा मोठा जोर पावसाळ्यात असतो. पाश्चात्त्य पत्रकांत सांगितलेला ऑक्टोबर इथे उशिरा येतो. दक्षिण गोलार्धासाठी ठरलेली लस एप्रिल-मेमध्ये, पाऊस सुरू होण्याआधी घेतलेली बरी. नाकात फवारण्याची लस जिवंत विषाणूची असते, ती या रुग्णाने घ्यायची नाही, टोचायची निष्क्रिय लसच घ्यायची. फ्लूची लस आपल्या राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात नाही, त्यामुळे ती पदरच्या पैशाने घ्यावी लागते, आणि पाच माणसांच्या घराला हा दरवर्षीचा खर्च जाणवतो. प्रत्यारोपणासाठी लाखो रुपये उभारणाऱ्या धर्मादाय संस्था आणि मदतनिधी या वार्षिक खर्चाचाही विचार करतील, तर त्यांनी आधी घातलेला पैसा अधिक वर्षं टिकेल.

शेवटचा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो, कारण तो रुग्णांचा आहे. इतकं जपायचं तर जगायचं कधी? ऑक्सिजनच्या नळीला बांधून काढलेल्या वर्षांनंतर हे फुप्फुस मिळालं. ते घेऊन पुन्हा चार भिंतींतच बसायचं असेल, तर एवढं सगळं कशासाठी केलं? या प्रश्नापुढे कडक नियमांची यादी ठेवणं मला निष्ठुर वाटतं, आणि ते शास्त्राला धरूनही होत नाही. धोका सगळ्या ठिकाणी आणि सगळ्या महिन्यांत सारखा नसतो. उघड्या मैदानात, शेतावर, समुद्रकिनारी माणसांत वावरणं आणि बंद एसी हॉलमध्ये तीन तास बसणं यांत मोठा फरक आहे. जानेवारीतली गावची जत्रा आणि ऑगस्टमधली खच्चून भरलेली लोकल एकाच मापाने मोजू नयेत. एन-95 मास्क नीट बसवून बरंच काही करता येतं. घरातलं कोणी आजारी असेल तर त्याने वेगळ्या खोलीत राहणं आणि मास्क लावणं हे रुग्णाने घर सोडण्यापेक्षा सोपं आहे. बाहेरच्या लोकांच्या वागण्याने विषाणूंवर परिणाम होतो, याचा पुरावा आपण सगळ्यांनी पाहिला आहे. 2020 आणि 2021 मध्ये मास्क, अंतर आणि बंद शाळांमुळे इन्फ्लूएंझा आणि आरएसव्ही जगाच्या मोठ्या भागातून जवळपास नाहीसे झाले. इन्फ्लूएंझा बी विषाणूची यामागाता नावाची शाखा तर मार्च 2020 नंतर खात्रीने कुठे सापडलेली नाही, आणि तिला आता लशीतून वगळलं जात आहे. तितके निर्बंध पुन्हा कोणी मागत नाही. पण त्यातला एक छोटासा तुकडा, म्हणजे आजारी असताना दुसऱ्याच्या घरी न जाणं, कचेरीत न जाणं, मुलाला शाळेत न धाडणं, हा टिकवता आला असता. तो आपण लगेच सोडून दिला. रुग्णाच्या वाट्याला येणारा तुरुंग बराचसा आपल्या या सवयींनी बांधलेला असतो, म्हणून त्याला मोकळं करण्याचं कामही बरंचसं आपल्याकडेच आहे.

भारतात क्षयरोग आहे, बुरशी आहे, डेंगी आहे, तेव्हा सर्दीच्या विषाणूंची एवढी चर्चा परवडते का, असंही म्हटलं जातं. परवडते, कारण हे वेगळे शत्रू नाहीत. इन्फ्लूएंझानंतर जिवाणूंचा न्यूमोनिया होतो, अॅस्परजिलस बुरशी शिरते. 2021 च्या उन्हाळ्यात कोविडपाठोपाठ म्युकरमायकोसिसने महाराष्ट्रात काय केलं ते विसरण्यासारखं नाही. विषाणू अस्तर सोलून ठेवतो, मागाहून येणाऱ्यांना आयती वाट मिळते.

गावोगावच्या डॉक्टरांना माझी विनंती आहे. तुमच्याकडे असा रुग्ण साध्या सर्दीने आला, तर ताप नसला तरी त्याचा स्वॅब घ्या किंवा घ्यायला पाठवा. फ्लूचा मोसम असेल तर ओसेल्टामिविरबद्दल त्याच दिवशी ठरवा. कोणतंही नवं औषध लिहिण्याआधी त्याच्या प्रत्यारोपण केंद्राला फोन करा, नंबर त्याच्या फाइलच्या पहिल्या पानावर असतो. तो बरा होऊन गेला, की सहा आठवड्यांनी आणि तीन महिन्यांनी त्याला स्वतःहून बोलावून स्पायरोमेट्री करा आणि आकडा जुन्या आकड्याशेजारी लिहा. आणि त्याच्या घरच्यांना मे संपायच्या आत फ्लूची लस टोचून घ्यायला सांगा.